गाडीवरचं मेण कोण खातं?

नीरामावशींवर मी आळ घेतला तो डिसेंबरच्या मध्यावर, एका सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. चार माणसं ऐकत होती, तरीही घेतला.

झालं होतं असं. दिवाळी संपल्यावर मी माझ्या गाडीला वॅक्स करून घेतलं होतं. गाडी सेकंडहँड, गडद निळ्या रंगाची. पण माझ्या पगारातून घेतलेली पहिली गाडी. माझे बाबा जन्मभर ट्रक चालवत होते. उरणच्या खाऱ्या हवेत ट्रकच्या दाराचा पत्रा खालून कसा भुगा होत जातो, ते मी लहानपणापासून बघत आले. त्यामुळे गाडी हातात आल्या आल्या मी करळच्या रस्त्यावर प्रणयचं दुकान गाठलं. तो गाड्यांना पॉलिश, वॅक्स असलं सगळं करतो. काम झाल्यावर त्याने बॉनेटवर पाण्याचा फवारा मारून दाखवला. थेंब नुसते मोत्यांसारखे उभे राहिले आणि घरंगळून गेले.

“आता मार्चपर्यंत बघायला नको, मॅडम,” प्रणय म्हणाला.

डिसेंबर अर्धा झाला आणि थेंब उभे राहिनात. पाणी टाकलं की बॉनेटभर पसरायचं. मी प्रणयकडे गेले. त्याने बोट फिरवलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, “गाडी कोण पुसतं? ती बाई कपड्यांची पावडर टाकत असणार. पावडरने वॅक्स एका धुण्यात जातं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. नीरामावशी बादली घेऊन माझ्याच गाडीपाशी होत्या.

“मावशी, गाडी कपड्यांच्या पावडरने धुता का हो तुम्ही?”

त्या वाकलेल्या होत्या, सरळ झाल्या. “न्हाय. कोन बोललं?”

“वॅक्स गेलंय सगळं. महिन्यात गेलं.”

“व्हॅक्स म्हंजे?”

“मेण असतं ते. गाडीवर लावतात.”

“मेन? मेनबत्तीचं?” त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं चिडल्या. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी तळवा माझ्या गाडीच्या दारावर ठेवला आणि हळूच फिरवला. “गाडीला मेन लावलेलं, आनि माना कुनी सांगितलं पन न्हाय? अकरा वरसं गाड्या पुसते मी हितं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पावडर मी कवाच लावत न्हाय, बाय. बादलीचा वास घे पायजे तर. मग तुझं मेन खाल्लं कोनी?”

मी कामाला उशीर होतोय म्हणत निघाले. पण तो प्रश्न त्यांनी मला नाही, स्वतःलाच विचारला होता.

नीरामावशी पंचावन्नच्या आसपासच्या. खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरावर वाढलेल्या. थंडी सुरू झाली की गावातली शाळा त्यांच्यापुरती संपायची, कारण मीठ काढायचे दिवस तेच. चौथीपर्यंत अशी अर्धी अर्धी वर्षं शिकून त्या थांबल्या. लग्नानंतरही मिठागरच होतं. मग आगरांवर भराव पडला, तिथे कंटेनरची यार्डं उभी राहिली. त्यांचे यजमान कान्हाशेठ त्याच जागेवरच्या एका यार्डात गेटवर उभे राहू लागले आणि मावशी आमच्या सोसायटीत गाड्या पुसू लागल्या.

बाई विलक्षण चौकस. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकदा त्या साखर तपासायला आल्या तेव्हा सुई टोचायच्या आधीच विचारलं, “रगत लाल, मंग शीर निली का दिसते?” मी काहीतरी सांगितलं. त्या आठवड्याने परत आल्या, पुन्हा विचारलं, कारण माझं पहिलं उत्तर त्यांना पटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते चूकच होतं. मला घरी जाऊन वाचावं लागलं.

आळ घेतल्यानंतर तीन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. “रुचिताबाय, खाली ये. ये तर!”

आमच्याकडे थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर पंधरा दिवस बाहेर येतो, एवढीच. पण पहाटे दव पडतं, आणि ते असं पडतं की उघड्यावरच्या गाड्या न्हाऊन निघतात. दिवसभर ट्रेलर जाऊन जाऊन उडालेली धूळ त्या दवात भिजते. मी खाली गेले तेव्हा माझी गाडी तशीच होती, ओली आणि मळकी. मावशींनी अजून कापड लावलं नव्हतं.

“बोट फिरव. आनि जिभंला लाव.”

“मावशी, शी!”

“मी लावलंय ना? मेलेय का?”

मी जिभेच्या टोकाला जेमतेम लावलं. खारट होतं. अगदी स्पष्ट खारट.

“पावसालभर गाडी बाहेर असते,” मावशी म्हणाल्या, “तवा मीठ धुऊन जातं. थंडीत पाऊस न्हाय. वारा मीठ आनतो, धूल आनतो, आनि वरून दव. मिठाची सवय माना म्हाईत हाय, बाय. पाटे रडतं, पानी सोडतं, आनि उन चढलं का खडा होतं. बारीक, पन खडा. आता त्या खड्यावरून मी कापड फिरवते.” त्या थांबल्या. “माजी शंका हाय. पन शंका म्हंजे काय खरं न्हाय. बगायला पायजे.”

“कसं बघणार?”

“तुझ्या गाडीवर न्हाय बगत. दुसरी कायतरी आनू.”

तीन दिवसांनी एका टेम्पोतून पार्किंगमध्ये एक बॉनेट उतरलं. काळं, एका कोपऱ्यात चेपलेलं. महामार्गाजवळ अल्पेश नावाच्या माणसाचं भंगाराचं दुकान आहे, त्याच्याकडून मावशींनी ते मागून आणलं होतं. पंपरूमच्या बाजूला, उघड्यावर, चार विटांवर त्यांनी ते मांडलं. मी प्रणयकडून वॅक्सची छोटी डबी आणली. आम्ही दोघींनी रविवारी दुपारी ते बॉनेट स्वच्छ धुतलं, वाळवलं, वॅक्सचा पातळ हात दिला, सुकल्यावर मऊ फडक्याने काढला. पाणी शिंपडलं. थेंब उभे राहिले.

“अलवाच्या पानावर ऱ्हातं तसं,” मावशी म्हणाल्या आणि आणखी तीनदा शिंपडलं. कितीही बघून त्यांचं मन भरेना.

मग त्यांनी वायरमनची काळी पट्टी चिकटवून बॉनेटचे चार भाग केले. पहिला भाग रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचा, जसं त्या सगळ्या गाड्या पुसतात तसं. दुसऱ्यावर बोअरिंगचं पाणी ओतायचं आणि मग पुसायचं. तिसऱ्यावर आधी बोअरिंगचं पाणी, शेवटी एक तांब्या नळाचं गोडं पाणी, आणि ओलसर मऊ कापड नुसतं टेकवायचं, घासायचं नाही.

“आणि चौथा?” मी विचारलं.

“चौथ्याला हात लावायचा न्हाय.”

“का?”

“काय न करता मेन जातंय का, ते कसं कलनार मंग?”

मी लॅबमध्ये आठ वर्षं काम केलंय. न छेडलेला नमुना बाजूला ठेवायचा असतो हे मला वर्गात शिकवलं होतं, परीक्षेला लिहायला लावलं होतं. या बाईने ते पंपरूमपाशी उभं राहून स्वतःच शोधलं. त्या क्षणी मला पार्किंगमधल्या त्या सकाळची खरी लाज वाटली. मी तसं म्हणाले. “मावशी, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं.”

“अजून कुटं कललंय कोन चुकलं ते?” त्या म्हणाल्या आणि पट्टीचा कोपरा दाबून बसवला.

सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथकाका. बंदराच्या कस्टम हाउस एजंटकडे नोकरी करून निवृत्त झालेले, नोटिसा लिहिण्यात वाकबगार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बॉनेट बघितलं. “हे भंगार कुणाचं? चोवीस तासांत उचला.”

मावशींनी त्यांना बाजूला नेऊन चार भाग दाखवले, बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. त्यांनी जिभेला लावलं नाही. पण नोटीसही लावली नाही. पुढच्या रविवारी पाणी शिंपडायच्या वेळी ते हातात चहाचा कप घेऊन आधीच येऊन उभे होते. “पहिल्या भागातला थेंब जरा बसका झालाय,” ते म्हणाले. “नाही का?” मावशींनी मान हलवली. “एका रईवारात ठरवायचं न्हाय.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घोटाळा झाला. गेटवर नवीन वॉचमन आला, विनेश. चाळिशीचा, भला माणूस, थळचा. आल्या आल्या आपलं काम दिसावं म्हणून त्याने पार्किंगची सफाई काढली. पंपरूमपाशी धुळीने भरलेलं बॉनेट दिसलं. त्याने चिकटपट्ट्या ओढून काढल्या, कपड्यांची पावडर टाकून ब्रशने फेस केला आणि बॉनेट लखलखीत करून ठेवलं. मावशी आल्यावर मोठ्या उमेदीने दाखवलं.

मी जिन्यावरून बघत होते. वाटलं, आता मावशी भडकणार.

मावशी बॉनेटकडे बघत राहिल्या. मग मगभर पाणी आणून ओतलं. एकही थेंब उभा राहिला नाही, चौथ्या भागावरही नाही. पाणी काचेवर पसरावं तसं सरळ वाहून गेलं.

“इनेशदादा,” त्या म्हणाल्या, “किती पावडर टाकली?”

“मूठभर. का ओ?”

“आनि किती येल घासलं?”

“पाच-धा मिनटं. चुकलं का काय?”

“न्हाय, न्हाय. बेस झालं.” त्या माझ्याकडे वळल्या. “तो तुझा दुकानवाला बोलला ते खरं हाय, बाय. पावडरीनं एका धुन्यात जातं. हे आपन ठेवलंच नव्हतं, पाचवं.”

त्या रविवारी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच रविवारी माझ्या गाडीलाही घरीच वॅक्सचा हात दिला. मावशी म्हणाल्या, “माजी शंका फिटंपरेंत तुझ्या गाडीला मी कोरडं कापड लावनार न्हाय. धूल बसली तर बसू दे.”

धूळ बसली. संक्रांतीपर्यंत माझी निळी गाडी राखाडी झाली. लिफ्टमध्ये लोक विचारू लागले, मावशींनी काम सोडलं का. समोरच्या विंगमधल्या एकाने डिकीवर बोटाने ‘मला धुवा’ असं लिहिलं. मावशी रोज माझ्या गाडीपाशी यायच्या, काचा तेवढ्या पाण्याने साफ करायच्या आणि पुढच्या गाडीकडे जायच्या. हात शिवशिवत असणार त्यांचे. धुळकट गाडी सोडून जाणं त्यांना जमत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसायचं.

बाकीच्या गाड्या मात्र त्या पूर्वीसारख्याच पुसत होत्या. शंका होती, पण कळलेलं नव्हतं. आणि पुसलेली गाडी सकाळच्या उन्हात चमकायची, ती बघायला लोकांना आवडायचं. त्यांनाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, पाच आठवड्यांनी, आम्ही निकाल बघायला जमलो. दिनानाथकाका होते, विनेश होता, मी होते. आधी मावशींनी चारही भागांवरून सारखंच पाणी ओतलं, धूळ वाहून जाऊ दिली. मग तांब्यात बोटं बुडवून शिंपडलं.

तिसऱ्या भागावर थेंब गोल उभे राहिले. चौथ्यावर, जिथे महिनाभर हातही लावला नव्हता, तिथे थोडे बसके, पण थेंबच. दुसऱ्यावर कुठे थेंब, कुठे ओघळ. आणि बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग, जे घालवायला रोज जास्त जोर लावावा लागायचा. पहिल्या भागावर पाणी पसरलं. तिरक्या उन्हात बघितलं तर तिथे केसाएवढ्या गोल गोल रेघा होत्या, हात फिरला तशा.

विनेशने वाकून त्या रेघा बघितल्या.

“म्हंजे काय न केलं असतं,” मावशी हळू म्हणाल्या, “तर जास्त ऱ्हायलं असतं.”

त्या पंपरूमच्या पायरीवर बसल्या. कंबरेचं फडकं काढून मांडीवर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. “मीच खाल्लं की तुझं मेन. अकरा वरसं सगल्यांचं खाल्लं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले. “आम्हीच तर म्हणायचो, मावशी, चकाचक पुसा.”

“व्हय. पन हात माजा हाय ना.”

दिनानाथकाका खाकरले. “नीराबाई, सोसायटीत सांगायची गरज आहे असं काही नाही. उद्यापासून पद्धत बदला, झालं.”

मावशींनी मान वर केली. “सांगायला पायजे, काका. न्हायतर उद्या मी पुसायचं बंद केलं का लोक म्हननार, बाई आलशी झाली.”

पुढच्या रविवारी त्यांनी ते बॉनेट विनेशच्या मदतीने गेटपाशी आणून ठेवलं. जो जो गाडी काढायला आला त्याला थांबवलं. “साहेब, दोन मिंटं. हे बगा.” मग तांब्या, शिंपडणं, थेंब. पहिल्या भागावर बोट ठेवून म्हणायच्या, “हे मी करत व्हते. चूक व्हती. आता असं करनार.” तिसऱ्यावर बोट. काही सबब नाही, आढेवेढे नाहीत. मृणाली म्हणून दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. ती दोनदा शिंपडायला लावून बघून गेली आणि पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या मुलांना दाखवायला व्हिडिओ काढून घेऊन गेली. पांढऱ्या मोठ्या गाडीवाले गृहस्थ मात्र हसले. “म्हणजे पुसणारही नाही आणि शहाणपणही शिकवणार?” त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दुसरा माणूस बघितला. आणखी एका घरानेही काम काढून घेतलं. बाकीचे राहिले. दोघांनी तर प्रणयकडून डबी आणून मावशींनाच वॅक्स लावायला सांगितलं.

आता त्यांची सकाळ वेगळी असते. नळाला गोडं पाणी तासभरच येतं, तेवढ्यात त्या दोन पिंपं भरून ठेवतात. आधी बोअरिंगचं पाणी वरून खाली सोडतात, म्हणजे दवात विरघळलेलं मीठ ऊन चढायच्या आत निघून जातं. मग गाडीला एक-दोन तांबे गोडं पाणी. मग ओलं मऊ कापड, तान्ह्या पोराचं डोकं टिपावं तसं. एक कापड टपाला, एक खालच्या दारांना. खालचं कापड वर जाऊ देत नाहीत. वेळ जास्त लागतो, आणि चमक पूर्वीइतकी येत नाही. पण शिमग्याला माझ्या गाडीवर पाणी शिंपडलं तेव्हा थेंब उभे होते.

त्याच सुमाराला प्रणय बॉनेट बघायला आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने पट्ट्यांमधून बोट फिरवलं, उन्हाकडे तिरकं धरून बघितलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पावडरचं मी उगाच बोललो तेव्हा.” मग मावशींना म्हणाला, “माझ्या दुकानात या ना रोज दुपारी. गिऱ्हाइकांना हे समजावून सांगायला माणूस नाही माझ्याकडे.”

“येते का न्हाय ते मंग बगू,” मावशी म्हणाल्या. “आधी सांग, हे मेन कशाचं?”

“वॅक्स… वॅक्सचंच असतं.”

“मदमाशीचं?”

प्रणयने डबी उलटी करून वाचली. त्यालाही ठाऊक नव्हतं. मी फोनवर शोधलं. ब्राझीलमध्ये ताडामाडाच्या जातीचं एक झाड असतं, त्याच्या पानावर हे मेण धरतं. पानं वाळवून ते झाडून काढतात. मी वाचून दाखवलं.

“पानाला मेन कशाला पायजे?”

मी पुढे वाचलं. तिकडे कोरडा वारा असतो, ऊन कडक. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड वरून मेण धरतं.

मावशींनी प्रणयच्या हातातली डबी घेऊन उघडली, बोटाला मेण लावून बघितलं.

“म्हंजे झाड मेन लावतं पानी भायेर जाऊ नये म्हनून,” त्या म्हणाल्या, “आनि आपन लावतो पानी आत येऊ नये म्हनून. एकच मेन.” त्या खुशीत हसल्या. “आपल्या झाडांना असंल का गो?”

प्रणय दुपारच्या कामाचं पुन्हा विचारत होता. मावशी उठून कंपाउंडच्या कडेला गेल्या होत्या. तिथे सांडपाण्यावर सोसायटीची दोन-चार केळीची झाडं वाढली आहेत. त्यांनी एक पान वाकवलं, पालथं केलं आणि मागच्या पांढुरक्या बाजूवर नख ओढलं. नखाखाली पिठासारखं काहीतरी आलं.

“रुचिताबाय,” त्यांनी हाक मारली, “तांब्या आन बगू पान्याचा.”